खापराची साक्ष



जुन्या भांड्यांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. आजीच्या फडताळांतील निळ्या नक्षीची बशी, लोणच्याची दुरंगी बरणी, केवळ पाहुण्यांसाठीं बाहेर निघणारा चहाचा संच, ह्या वस्तू पूर्वीं घर बदलतांना भंगारवाल्याच्या हातगाडीवर जात. आतां त्यांचीं छायाचित्रें इंटरनेटवर लागतात, दूरदूरचीं गिऱ्हाइकें बोली लावतात, आणि आठ दिवसांत ती बशी कागदाच्या कपट्यांत गुंडाळली जाऊन परगांवीं रवाना होते. हा छंद मला नापसंत नाहीं. ज्याला जुन्या वस्तूची माया आहे, त्याला जुन्या माणसांचीही थोडीफार असतेच. परंतु ह्या बाजारांत बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात: वस्तु किती जुनी, आणि किंमत किती? ‘ही आली कोठून?’ हा तिसरा प्रश्न विचारणारा विरळा. आज मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं इतिहासाच्या दृष्टीनें हा तिसरा प्रश्नच पहिला आहे. आणि त्याची साक्ष आपल्या नगर जिल्ह्याची, म्हणजे 2024 पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्याची, भूमि स्वतःच देते.

संगमनेरच्या पूर्वेस, प्रवरेच्या कांठीं, जोर्वे नांवाचें गांव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव ह्यांनीं 1950-51 सालीं तेथें उत्खनन केलें. मोहरांचे हंडे तेथें निघाले नाहींत. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी त्या गांवीं मिळाल्या खऱ्या. पण जोर्व्याचें नांव झालें तें फुटक्या मडक्यांच्या खापरांनीं. चाकावर घडविलेलीं, उत्तम भाजलेलीं, तांबूस अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेलीं आणि टिचकी मारली असतां धातूसारखीं वाजणारीं अशीं तीं खापरें होतीं. कमरेशीं कोन साधलेले वाडगे आणि नळीसारख्या तोटीचीं भांडीं हे त्यांतील ठळक घाट.

पुढें असलींच खापरें नेवाशास सांपडलीं, दायमाबादेस सांपडलीं, तापीकांठच्या प्रकाशें गांवीं आणि घोडनदीवरील इनामगांवींही सांपडलीं. तेव्हां लक्षांत आलें, कीं हा एका गांवच्या कुंभाराचा प्रताप नव्हे; महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांची ही एक मोठी वस्ती आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें 1400 ते 700 ह्या काळांत नांदलेल्या त्या संस्कृतीला जगभरचे पंडित आज ‘जोर्वे संस्कृति’ म्हणून ओळखतात. त्या लोकांनीं एक अक्षरही लिहून ठेविलेलें नाहीं. त्यांच्या वतीनें बोलतात तीं हीं खापरें. आणि बाजारांत त्यांचें मोल विचाराल तर दमडीचेंही नाहीं.

मग त्यांस वाचा कोठून फुटली? तीं जेथें होतीं त्या जागेमुळें. उत्खनन करणारा मनुष्य खापर उचलण्यापूर्वीं तें कोणत्या थरांत, किती खोलीवर, कशाच्या शेजारीं होतें हें लिहून ठेवतो. त्याच थरांतील कोळशाची रेडिओकार्बन-परीक्षा केली, कीं काळाचा अंदाज बांधतां येतो. शेजारच्या जळक्या दाण्यांवरून आहार कळतो, हाडांवरून जनावरें कळतात. 1954 पासून नेवाशास झालेल्या उत्खननांत घरांच्या जमिनीखालीं तोंडाला तोंड लावून आडवीं पुरलेलीं मडकीं निघालीं, आणि त्यांत लहान मुलांच्या अस्थि होत्या. हीं मडकीं उचलून दुकानांत मांडा. तीं दोन जुनीं मडकीं आहेत, यापलीकडे कांहीं कळणार नाहीं. जागेवर पाहा, तीन हजार वर्षांपूर्वीं लेकरूं गमावलेल्या आईबापांचें घर आपणांसमोर उभें राहतें.

ह्याच्या उलट बाजूचें उदाहरणही आपल्याच जिल्ह्यांत आहे. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद आहे. तेथें 1974 सालीं एका गांवकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना चार कांस्यमूर्ति सांपडल्या: बैलजोडीचा रथ हांकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचें मिळून वजन 60 किलोंहून अधिक. ह्या मूर्ति सरकारजमा झाल्या, म्हणून आज आपणांस पाहावयास मिळतात. भारतांतील प्राचीन धातुशिल्पांत त्यांची गणना होते. परंतु त्या शास्त्रशुद्ध उत्खननांत निघाल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारीं काय होतें, हें लिहून घेणारें तेथें त्या क्षणीं कोणी नव्हतें. पुढें त्या जागीं रीतसर उत्खनन झालें. बहुतेक विद्वान् त्यांस हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळांतील मानतात. कांहीं जण त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात असें म्हणतात. वाद मिटलेला नाहीं. केवढा हा विरोध! दमडीच्या खापराचा काळ आपणांस खात्रीनें सांगतां येतो, आणि त्या अमोल रथाचा सांगतांना पंडितही अडखळतात.

आपण म्हणाल, प्राचीन वस्तूंची गोष्ट वेगळी. आमच्या कपाटांतील विलायती बशीचा ह्याच्याशीं काय संबंध? तर ती बशी पालथी घालून पाहा. तळाशीं चौकटीसारखा तिरपा शिक्का असेल, तर तो इंग्लंडांतील 1842 ते 1883 ह्या काळांतील नोंदणीचा असूं शकेल. 1884 पासून त्याऐवजीं नोंदणीचा अनुक्रमांक येऊं लागला. केवळ ‘इंग्लंड’ हा शब्द असेल, तर बशी बहुधा 1891 नंतरची. कारण त्या सालापासून अमेरिकेच्या कायद्यानें आयात मालावर देशाचें नांव घालणें भाग पडलें. ‘ऑक्युपाइड जपान’ अशीं अक्षरें असतील, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1952 पर्यंतची. शिक्क्यांचीही नक्कल होते, हें मात्र विसरूं नये.

पण शिक्का खरा असला तरी तो कारखाना सांगतो, घर सांगत नाहीं. नगर हें छावणीचें शहर. बदली झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचें सामान अशा छावण्यांतून लिलावानें विकलें जाई. अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें येथें 1831 पासून. मुंबईस गिरणींत राबून गांवीं परतणारे लोकही येथलेच. एकाच छापाच्या तीन बशा ह्या तीन वाटांनीं आल्या असतील, तर त्या तीन निराळ्या गोष्टी सांगतील. विकतांना वाट पुसली गेली, कीं तिन्ही गोष्टी संपल्या.

मग रिकाम्या जागीं दंतकथा येऊन बसते. चिनी मातीचीं भांडीं दक्षिणेंतील दरबारांत येत असत, हें खरें. हिरवट सेलाडन बशींत विषारी अन्न पडलें तर ती तडकते, अशी समजूतही तेव्हां होती. तेवढ्या आधारावर एखादा विक्रेता कोणत्याही हिरव्या बशीला ‘निजामशाही’ म्हणूं लागला, तर गिऱ्हाइकानें पुरावा मागावा. पुरावा नसेल तर किंमत बशीची द्यावी, निजामशाहीची देऊं नये.

ह्या कामीं कायदाही आहे. 1972 चा पुरावस्तु कायदा 1976 पासून अमलांत आला. त्याअन्वयें शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा विक्रीव्यवसाय परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. इंटरनेटवर मागणी लंडनहून आली, म्हणून हा नियम शिथिल होत नाहीं. जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी कलेक्टरांस द्यावी, असा 1878 चा कायदा आहे. पांढरीच्या टेकाडावरून आणलेलें मडकें कोणी विकावयास काढलें, तर सुज्ञ माणसानें तें घेऊं नये. गिऱ्हाईक मिळतें म्हणूनच टेकाड खणलें जातें.

घरचीं भांडीं मात्र खुशाल विका, खुशाल जमवा. फक्त एवढें करा: प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा. ही कोणी घेतली, कोठें, कोणत्या सुमारास, कोणाच्या घरीं होती, केव्हां वापरीत. पांच ओळी पुरेत. ज्या वडील माणसांस हें ठाऊक आहे, त्यांस आजच विचारा, कारण ही माहिती कोणत्याही शिक्क्यांत कोरलेली नसते. जोर्व्याच्या कुंभाराचें नांव आपणांस कधींच कळणार नाहीं. आपल्या आजीचें नांव मात्र तिच्या बशीबरोबर ठेवणें आपल्या हातीं आहे.