‘सोयीच्या प्रती’: डेबियनच्या एका कलमावर भाष्य

तू मराठी शब्दकोशाच्या प्रोग्रॅमचे डेब पॅकेज करायला घेतलेस आणि मूळ लेखकाने सोर्ससोबत दिलेल्या चार लायब्रऱ्या तशाच आत राहू द्याव्यात का, असे विचारलेस. उत्तर डेबियनच्या धोरणग्रंथात, कलम ४.१३ मध्ये आहे. सीडॅकचे बॉस लिनक्स डेबियनवरच उभे आहे. म्हणजे हे कलम नागपुरात बसलेल्या आपल्यालाही दूरचे नाही. एकेक वाक्य घेऊ.

पहिले वाक्य: काही सॉफ्टवेअर आपल्या सोर्ससोबत दुसऱ्याच्या कोडच्या सोयीच्या प्रती देतात, कंपाइल करणाऱ्याला अनेक पॅकेजे उतरवावी लागू नयेत म्हणून.

‘सोयीची’ म्हणजे कोणाच्या सोयीची? सोर्सवरून स्वतः बांधणाऱ्याच्या. याचा अर्थ, ज्याच्याकडे पॅकेज तयार पोचते त्याला या सोयीची गरजच नाही. मूळ लेखकाला इथे दोष दिलेला नाही, हेही ध्यानात ठेव.

दुसरे वाक्य: डेबियनच्या पॅकेजांनी अशा प्रतींचा उपयोग करू नये; ती वस्तू तशाच वापरासाठी मुद्दाम केलेली असेल तर गोष्ट वेगळी.

‘करू नये’चे बळ आधी तोल. या ग्रंथात ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करावे’ यांत भेद आहे. पहिले मोडले तर चूक गंभीर, पॅकेज प्रकाशनातून बाहेर राहू शकते. दुसरे मोडले तरी चूकच, पण तेवढ्याने पॅकेज अडत नाही. इथले बळ दुसऱ्या प्रकारचे आहे. आता ‘उपयोग’. ‘बाळगू नये’ असे म्हटलेले नाही. म्हणजे सोर्समध्ये प्रत पडून राहिली तर चालते. बांधणीत ती शिरता कामा नये. अपवादाचे उदाहरण म्हणून तळटीप ग्नूच्या बांधणी-साधनांकडे बोट दाखवते. ग्नूलिब हा ग्नूचाच कोडसंग्रहही त्याच जातीचा: त्याचा कोड आपल्या सोर्समध्ये उतरवून घेण्यासाठीच लिहिलेला आहे.

तिसरे वाक्य: आत घातलेला कोड लायब्ररीच्या रूपात डेबियनच्या संग्रहात आधीच असेल, तर बायनरी (बांधून तयार झालेले) पॅकेज त्या लायब्ररीलाच जोडलेले असावे, आतली प्रत वापरली जाऊ नये.

कलमाचा जीव इथे आहे. तळटीप तीन कारणे देते: एकाच कोडच्या अनेक प्रती म्हणजे नासाडी, जोडणीतले झगडे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या अवघड होणे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, असे ती स्वतःच म्हणते. का, ते पाहा. २००२ साली झेडलिब या डेटा आकसवणाऱ्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली. सिस्टिमची लायब्ररी बदलणे सोपे होते. पण झेडलिब पोटात घेतलेला प्रत्येक प्रोग्रॅम हुडकून काढावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीतील दोषाने तेच पुन्हा दाखवले: ज्यांच्या पोटात स्वतःची प्रत होती, त्यांना आपापली नवी आवृत्ती काढावी लागली.

आपल्या घरचे उदाहरण घे. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह पडद्यावर नीट जुळवायला हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी लागते. सिस्टिमच्या हार्फबझमध्ये देवनागरीची एखादी चूक सुधारली, की तिच्यावर टेकलेले सगळे प्रोग्रॅम एका अपडेटने सुधारतात. तुझ्या पॅकेजातली प्रत मात्र तू हलवल्याशिवाय हलणार नाही, आणि दोन शेजारच्या खिडक्यांत ‘वऱ्हाड’ दोन तऱ्हांनी दिसू शकेल.

शंका: एकच प्रत विषारी निघाली तर? २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. त्या डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत पोचल्याही होत्या. समाधान: खरे आहे, पण ती उपटायची जागाही एकच होती. दुसरी शंका मला अधिक वजनदार वाटते: लेखकाने चाचणी आपल्या प्रतीवर घेतली, सिस्टिमच्या प्रतीवर नाही. कलम यावर गप्प आहे. म्हणून बांधणीच्या वेळी प्रोग्रॅमच्या चाचण्या सिस्टिमच्या लायब्ररीवर चालव, आणि जे मोडेल त्याचा पॅच लेखकाकडे पाठव.

चौथे वाक्य: कोड संग्रहात नसेल, तर शक्य असल्यास त्याचे वेगळे पॅकेज आधी करावे.

‘शक्य असल्यास’ म्हणजे काय? एक वाचन: तांत्रिकदृष्ट्या शक्य. दुसरे: माणसांच्या बळात बसेल इतके. २०२० साली कुबरनेटीस या सर्व्हर-व्यवस्थापन प्रणालीच्या पॅकेजात शेकडो गो लायब्रऱ्या आत ठेवल्याचा वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला. समितीने पॅकेज सांभाळणाऱ्याचा निर्णय उलटवला नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाने तर २०१५ मध्येच नियम सैल केला, मात्र आत काय आहे ते पॅकेजात जाहीर करण्याची अट ठेवली. दुसरे वाचन मला मान्य आहे, पण त्या अटीसह. डेबियनचा सुरक्षा गटही अशा आतल्या प्रतींची यादी ठेवत आला आहे, ती याचसाठी.

आता तुझ्या चार लायब्रऱ्या. हार्फबझ, झेडलिब आणि एसक्यूलाइट संग्रहात आहेत. तिथे तिसरे वाक्य लागू. बांधणीआधी त्यांचे फोल्डर काढून टाक, म्हणजे नकळत त्या जोडल्या जाणार नाहीत, आणि शेवटी एलडीडी ही आज्ञा चालवून बायनरी कोणाला जोडली आहे ते पाहा. चौथी, लेखकाने स्वतः लिहिलेली वर्णक्रमाची लायब्ररी, संग्रहात नाही. ती दुसरा कोणता प्रोग्रॅम वापरतो का, ते आधी शोधून ये; चौथे वाक्य तिला लागू होते का, ते त्यावर ठरेल.