बोगनवेल : बियांविना जगप्रवास

शाळेच्या फाटकावर फुललेली किरमिजी बोगनवेल दाखवून विद्यार्थ्यांना विचारून पाहावे : या झाडाचे बी कोणी पाहिले आहे काय? बहुधा एकही हात वर होणार नाही. मग हे झाड इथवर आले कसे? उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

बोगनवेल नावाने वेल असली, तरी ते काट्यांच्या आधाराने चढणारे मोठे झुडूप आहे. तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती छदे, म्हणजे रंग घेतलेली पाने होत. खरी फुले म्हणजे आतल्या तीन बारीक नळ्या.

तिचे माहेर दक्षिण अमेरिका. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत, १७६७ मध्ये, रिओ दी जानेरो येथे वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों यांना ती आढळली. त्यांची सहायक झान बारे ही पुरुषवेषात जहाजावर आली होती, कारण स्त्रियांना तेथे मज्जाव होता. कोमेर्सोंचा पाय अधू झालेला असल्याने नमुने गोळा करण्याच्या कष्टात तिचा मोठा वाटा होता. झुडपाला नाव मात्र मिळाले ते मोहिमेच्या प्रमुखाचे. बारेच्या नावाची वनस्पती नोंदली जायला २०१२ साल उजाडले.

आता आपल्या किरमिजी झुडपाकडे येऊ. १९१० च्या सुमारास मिसेस बट या बाईंना कोलंबियातील कार्टाजेना येथील एका बागेत ते दिसले. त्यांनी ते त्रिनिदादला नेले आणि तेथून ते कलमांच्या रूपाने जगभर पसरले. पुढे ध्यानात आले, की ही ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना या दोन जातींची संकरित संतती आहे. १९४४ मध्ये या संकराला ‘बटियाना’ हे नाव मिळाले.

या संकरात जोम आहे, रंग आहे. पण बी धरत नाही. त्याच्या पेशीत ३४ गुणसूत्रे असतात : १७ एका जातीची, १७ दुसरीची. परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. इथे जोडीदार परके असल्याने जोड्या नीट जुळत नाहीत आणि बरेचसे परागकण पोकळ राहतात. म्हणून ‘मिसेस बट’ वाणाचे जगातले प्रत्येक झाड म्हणजे त्या एकाच झाडाची फांदी आहे. माणसाने कलमे करणे थांबवले, तर तिचा वंश खुंटेल.

या कोंडीतून वाटा दोन. पहिली निसर्गाची. १९४९ मध्ये कोलकात्यात ‘मिसेस बट’च्या एका फांदीत आपोआप बदल झाला व एकाच झाडावर पांढरी आणि किरमिजी छदे धरणारी ‘मेरी पामर’ मिळाली. दुसरी प्रयोगशाळेची. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डॉ. त्रि. ना. खोशू आणि त्यांचे सहकारी झाडू व रॉय यांनी वांझ वाणांवर कोल्चिसीन वापरून गुणसूत्रांची संख्या ६८ केली. प्रत्येक गुणसूत्राला सख्खा जोडीदार मिळाला आणि जननक्षमता परतली. हे काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे वांझ वाणही नव्या संकरासाठी वापरता येऊ लागले.

घराच्या अंगणात हे झुडूप लावणे सोपे आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे पक्व फाटे लावावेत. जागा भरपूर उन्हाची, निचऱ्याची हवी. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करावी. पाणी फार दिले, तर नुसती पाने माजतात.

वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. नुकत्याच उमललेल्या बोगनवेलीचे आणि धोतऱ्याचे परागकण वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर घेऊन त्यांवर असिटोकार्मिनचा थेंब टाका. भरलेले कण लाल होतात, पोकळ फिके राहतात. दोन्हींतले शंभर-शंभर कण मोजा. बी का दिसत नाही, हे तुमच्या फाटकावरचे झाडच सांगेल.