थांबलेली विमानं, थांबलेले यात्रेकरू

बार्शीचा माणूस विमानावर काय बोलणार, असं कुणालाही वाटेल. आमच्या गावाची ओळख भगवंताच्या देवळामुळं, भुसार मालाच्या बाजारपेठेमुळं आणि छोट्या रेल्वेमुळं. पण साथीच्या काळातल्या विमानप्रवासाची गोष्ट सांगायची, तर मला ती या छोट्या रेल्वेपासूनच सुरू करावी लागते.

बार्शी लाइट रेल्वे मार्च १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फुटांचा रूळमार्ग, बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत. ती बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढं याच माणसानं वैमानिकांचा जीव वाचावा म्हणून पॅराशूट तयार केलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षण करणारा फरिश्ता, असं नाव दिलं. म्हणजे बार्शीचा आणि विमानाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. आमची गाडी पुढं पंढरपूरपर्यंत गेली आणि वारकऱ्यांची झाली.

आता तो महिना पाहा. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघड झाला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारनं साथरोगाचा कायदा केला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. अशा महिन्यात आमच्या गाडीनं पहिली शिट्टी दिली. साऱ्या देशात जी रेल्वे माणसं आणि माल नेत होती, तीच प्लेगही नेत होती. म्हणून स्टेशनांवर तपासणी सुरू झाली. डॉक्टर फलाटावर उतारूंच्या काखा आणि जांघा चाचपून गाठ आहे का बघत. बायाबापड्यांनाही त्यातून सूट नव्हती. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. साथ रोखायला काही तरी करणं भागच होतं. पण माणसाची अब्रू राखून ते केलं नाही, तर लोक आजार लपवतात, रुग्ण लपवतात, आणि साथ आणखी पसरते. त्याच जानेवारीत हाफकिननं मुंबईत प्लेगची लस तयार करून स्वतःला टोचून घेतली होती. पण सरकारवरच विश्वास नव्हता, तर सरकारी सुईवर कुठून बसणार?

त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणंही सरकारनं बंद केलं. प्लेग हिंदुस्थानातून युरोपात जाईल या धास्तीनं व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरली होती आणि हाजींच्या जहाजांवर सगळ्यांचा डोळा होता. एरवी या जहाजांना तांबड्या समुद्रात कामरान बेटावर थांबावं लागे. तिथं तुर्की सरकारचं क्वारंटाइनचं ठाणं होतं. कपडे धुरवायचे, अंघोळी करायच्या, दिवस मोजायचे आणि मगच जेद्दा.

या बंदोबस्तामागचा हिशेब साधा होता. जहाज हळू चालतं. मुंबई ते जेद्दा बरेच दिवस लागत. एवढ्यात शरीरात दबा धरून बसलेला प्लेग बाहेर पडायचाच. म्हणजे समुद्र हाच एक मोठा पहारेकरी होता. विमानानं हा पहारेकरी हटवला. मुंबईहून जेद्दाला विमान पाच-सहा तासांत पोचतं. माणूस निघताना धडधाकट, उतरताना धडधाकट, आणि ताप येतो घरी गेल्यावर चार दिवसांनी. हा धोका राष्ट्रांना लवकर कळला होता. १९३३ मध्येच हेग इथं विमानप्रवासासाठी वेगळा आरोग्य करार झाला. तेव्हा मोठी धास्ती पीतज्वराची होती. पुढं १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि अनेक देशांनी भारताची विमानं थांबवली. आखातात नोकरीला निघालेली आपली पोरं बॅगा भरून घरी बसली.

मग आला २०२०. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, ते दुबईहून विमानानं परतलेले. आठवडाभरात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईनं शिक्के मारले जाऊ लागले. मार्च संपायच्या आत आधी परदेशी आणि मग देशातली विमानंही थांबली. देशातली विमानसेवा २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. परदेशी नियमित उड्डाणांना मात्र २७ मार्च २०२२ पर्यंत थांबावं लागलं. कामरानचं बेट आता प्रत्येकाच्या घरात आलं होतं.

त्या उन्हाळ्यातल्या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. मे महिन्याच्या शेवटी ठरलं की पायी वारी होणार नाही. संतांच्या पादुका विमानानं, हेलिकॉप्टरनं किंवा बसनं, पाऊसपाणी पाहून पंढरपूरला नेल्या जातील. पादुका आकाशातून येणार, हे ऐकून आमच्या भागातले म्हातारे वारकरी गप्प झाले. शेवटी ३० जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं आल्या. दुसऱ्या दिवशीची आषाढी माणसांविना झाली. त्याच्या आठवडाभर आधी, २३ जूनला सरकारनं जाहीर केलं की यंदा भारतातून कुणी हजला जाणार नाही. सौदीनं तिथंच राहणाऱ्या मोजक्या लोकांनाच परवानगी दिली होती. दोन लाखांवर अर्जदारांचे पैसे परत झाले.

आमच्या गल्लीतल्या एका चाचांचा त्या वर्षी नंबर लागला होता. शिलाईच्या मशीनवर पाय मारून जमवलेला पैसा. वय चौसष्ट. २०२१ लाही बाहेरच्यांना परवानगी नव्हती. २०२२ मध्ये दार उघडलं, पण पासष्टच्या आतल्यांनाच. चाचा तोवर सहासष्टचे. २०२३ मध्ये अट उठली आणि मगच ते गेले, मुलाचा हात धरून. मधल्या तीन वर्षांत त्यांनी कधी कुरकुर केली नाही. वाट सुरक्षित असणं ही हजची अटच आहे, आणि साथीच्या गावात जाऊ नये, तिथून बाहेरही पडू नये, ही शिकवण त्यांना ठाऊक होती. शेजारच्या माळकरी आजोबांनीही तुळशीपुढंच एकादशी केली. दोघांना एकमेकांची वाट बंद झालेली दिसत होती, आणि म्हणूनच ती सोसवली असं मला वाटतं. बंदी सगळ्यांना सारखी असली की तिचा डंख कमी होतो.

पण सगळंच सारखं नव्हतं. तबलिगी जमातचे काही परदेशी लोक व्हिसा घेऊन विमानानं आले होते. उड्डाणं बंद झाली आणि ते नगर जिल्ह्यातल्या मशिदींत अडकले. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. दिल्लीच्या मरकजमधल्या गर्दीतून साथ पसरली, हे खरंच आहे. पण त्या एप्रिलमध्ये आजाराला धर्म चिकटला. हातगाडीवर भाजी विकणाऱ्याला भावाआधी नाव विचारलं जाऊ लागलं. माझ्यासारख्या मराठीत कविता करणाऱ्यालाही लोकांच्या नजरेत तो प्रश्न दिसायचा. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधू पाहतं आणि त्यासाठी या लोकांची निवड झाली असण्याची शक्यता दिसते, असं निरीक्षणही न्यायालयानं नोंदवलं. निकाल आला, पण अफवा ज्या घरांत पोचली होती त्या सगळ्या घरांत तो पोचला नाही.

म्हणून १८९७ आणि २०२० एकत्र वाचायला हवेत. तेव्हा रोग रेल्वेच्या वेगानं आला, आता विमानाच्या. वाहन थांबवणं हा अन्याय नाही, कधी कधी तेच शहाणपण असतं. पण थांबवताना माणसाचा मान राखला का, नियम सगळ्यांना एकच लावला का, आणि खरं काय ते वेळेवर सांगितलं का, यावर लोकांची साथ मिळते की नाही हे ठरतं. लशीइतकाच विश्वासही साठवून ठेवावा लागतो. साथ आल्यावर तो तयार करता येत नाही.

जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं. बार्शीपासून विमानतळ दीड-दोन तासांवर आला. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण पुढची साथ आमच्यापर्यंत यायला आता महिने घेणार नाही. ती येईल तेव्हा फलाटावरच्या त्या अपमानित बाईची आणि मशिदीत अडकलेल्या त्या परक्या पाहुण्याची आठवण ठेवून आपण नियम करू शकलो, तर सव्वाशे वर्षांत काही शिकलो असं म्हणता येईल.