हे अंशतः खरे आहे

मंडळी, रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गेलं की 'चांगभलं'च्या गजराबरोबर अजून एक विषय कानावर पडतोच. "आराखड्याचं काय झालं हो?" ६ मे २०२५ ला चौंडीत मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि जोतिबाच्या आराखड्यासाठी २५९ कोटी ५९ लाख रुपये मंजूर झाले. तेव्हापासून चहाच्या गाड्यावर जो तो आपापलं उत्तर देतोय. कोण म्हणतं काम जोरात चाललंय, कोण म्हणतं सगळं कागदावरच आहे.

पण सरकारला सही करून उत्तर द्यावं लागतं अशी एक जागा आहे. विधिमंडळातला लेखी प्रश्न. आज त्याचीच गोष्ट सांगतो, कारण हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही.

१८९२ पर्यंत या देशातल्या कुठल्याही कायदे कौन्सिलात सरकारला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. त्या वर्षीच्या कायद्यानं ती दिली, तीही हात आखडून. आधी नोटीस द्यायची, अध्यक्षांना वाटलं तर ते प्रश्न नाकारणार, आणि उत्तर पटलं नाही तरी उपप्रश्न विचारायचा नाही. १६ फेब्रुवारी १८९३ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिला प्रश्न आला, भिनग्याच्या राजांचा. विषय काय होता? साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांचे होणारे हाल! म्हणजे देशातला पहिला प्रश्न साम्राज्याच्या धोरणावर नव्हता. तो गावातल्या वाण्याच्या दुकानाचा होता. मला ही गोष्ट फार आवडते.

आपल्याकडं मुंबईच्या कौन्सिलात फिरोजशहा मेहता होते, १८९५ ला टिळक निवडून गेले, पुढं गोखले गेले. उपप्रश्नाचा हक्क १९०९ च्या सुधारणांत मिळाला, पण मूळ प्रश्न ज्याचा त्यालाच. कुठल्याही सदस्याला उपप्रश्न विचारता यायला १९१९ चा कायदा यावा लागला. उपप्रश्नापर्यंत पोचायलाच सत्तावीस वर्षं गेली बघा.

आणि कोल्हापूर? आपण संस्थानात होतो. १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत मुंबईच्या सभागृहात आपल्या गावाचा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. रयतेच्या हातात होता तो अर्ज. अर्ज आणि प्रश्न यात फरक आहे. अर्जाला उत्तर द्यायचं की नाही ही मर्जी. प्रश्न एकदा स्वीकारला गेला की उत्तर देणं बंधनकारक.

हे हत्यार किती धारदार असू शकतं ते १९५७ ला दिसलं. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले होते. लोकसभेत प्रश्न आला, उत्तर आडवळणाचं मिळालं. मग त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न आला. फिरोज गांधींनी विषय लावून धरला. चौकशी आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड सुनावणी घेऊन केली आणि फेब्रुवारी १९५८ ला अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हेही लक्षात ठेवा.

हत्यार आहे म्हटल्यावर त्याचा धंदा करणारेही निघाले. १९५१ ला मुदगल नावाच्या खासदारांनी एका व्यापारी संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची वकिली केल्याचं चौकशीत सिद्ध झालं, त्यांना जावं लागलं. डिसेंबर २००५ ला प्रश्नासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यात दोघे महाराष्ट्रातले होते. ज्याला किंमत असते तेच विकलं जातं, दुसरं काय.

आणि सरकारांना प्रश्न नकोसे झाले तेव्हा काय झालं? जुलै १९७५, आणीबाणीतलं अधिवेशन, प्रश्नच बंद. सप्टेंबर २०२०, कोरोनातलं अधिवेशन, संसदेत प्रश्नोत्तराचा तास रद्द. पण तेव्हाही अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे प्रश्न चालूच राहिले. तोंडी जुगलबंदी थांबली तरी कागद थांबला नाही.

आता आपल्या विधिमंडळातला कागद कसा असतो? प्रश्नाची भाषा ठरलेली: "(१) अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" तारांकित असेल तर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित असेल तर फक्त लेखी उत्तर छापून येतं. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तालुक्याला. कचेरीत "एलएक्यू आलाय" म्हटलं की बाकीची कामं बाजूला पडतात आणि धूळ खात पडलेली फाईल सापडते. निम्मं काम तिथंच होतं.

उत्तरंही ठराविक असतात. "हे खरे आहे." "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही." आणि सगळ्यात गमतीचं, "हे अंशतः खरे आहे." जाणकार आमदार या 'अंशतः' वरच बोट ठेवतो. कुठला अंश खरा ते सांगा! मंत्र्यांनी "कार्यवाही करू" म्हटलं तर ते आश्वासन होतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

कोल्हापूरनं असा अभ्यासू माणूस पाहिलाय. एन. डी. पाटील सर १८ वर्षं विधान परिषदेत होते, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार होते. कागद वाचून बोलणारा माणूस म्हणून सत्तेतले लोकही त्यांना वचकून असत.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी आमदारसाहेब गावात आले की "निधी किती आणला?" एवढंच विचारून थांबू नका. निधीचे फलक लागतातच. विचारा, "साहेब, या अधिवेशनात आपल्या भागाचे प्रश्न किती टाकले? उत्तरं काय आली? छापील उत्तर ग्रुपवर टाका की." आमदार सत्तेतला असो की विरोधातला, हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

आणि डोंगरासाठी प्रश्न तर तयारच आहे: आराखड्यातल्या किती कामांचे कार्यादेश दिले, आजअखेर किती खर्च झाला, पुजारी, गुलाल-खोबऱ्याचे दुकानदार आणि ग्रामस्थांशी चर्चा झाली काय, नसल्यास कारणे काय?

उत्तर "हे खरे आहे" आलं तर आनंदच. "अंशतः" आलं, तर सभागृहात तिथंच उपप्रश्न. त्या हक्कासाठी सत्तावीस वर्षं गेलीत, तो वापरायला आळस नको.

चांगभलं!