राजौरीची वाट : 8 ते 12 एप्रिल 1948

खोपोलीहून बोरघाट चढताना जागोजागी मोऱ्या लागतात. त्यातली एक उडवली आणि पुढे चार झाडं आडवी पाडली, की घाट बंद. नौशेरा ते राजौरी हा जम्मूतला रस्ताही असाच डोंगराला बिलगून जातो. काश्मीरच्या युद्धात नोव्हेंबर 1947 पासून राजौरी पाकिस्तानच्या पाठबळावरच्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि आत माणसं अडकली होती. त्यांना सोडवायला भारतीय सैन्य याच रस्त्यानं निघालं.

नॉर्मंडीत 1944 साली ब्रिटिशांकडे साखळ्यांनी जमीन बडवून सुरुंग फोडणारे आणि पाठीवर पूल वाहणारे रणगाडे होते. इथे होते हलके स्टुअर्ट रणगाडे. त्यांना वाट करून द्यायची होती बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी. ते कारवारजवळच्या चेंडियाचे.

8 एप्रिल, सकाळी 11. काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा. तुकडीतले दोन ठार, पाच जखमी. जखमींत राणेही. उरलेल्यांना गोळा करून ते कामाला लागतात. सांगतात, की सुरुंगांच्या पट्ट्यात ते रणगाड्याखाली सरपटत गेले. हातात दोन दोर, दुसरी टोकं चालकाकडे. एक ओढला की पुढे, दुसरा ओढला की थांब. वर कित्येक टनांचं लोखंड, खाली सुरुंग, मध्ये तीस वर्षांचाही न झालेला माणूस. मला या दोरांपुढे जाताच येत नाही.

दुपारी 4.30. बरवाली टेकडी हाती येते. राणे रात्री 10 पर्यंत रणगाड्यांसाठी बगलरस्ता खणतात.

9 एप्रिल, पहाटे 6 ते दुपारी 3. बगलरस्ता पुरा. अर्ध्या मैलावर पाईनची झाडं आडवी, स्फोटकांनी उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. 5 वाजता समोर उडवलेली मोरी. 6.15 ला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. अंधार पडतो, ताफा थांबतो.

राजौरीत एक रात्र आणखी सरली.

10 एप्रिल, पहाटे 4.45. पुन्हा तीच झाडं, 6.30 ला मोकळी. पुढचे हजार यार्ड साडेदहापर्यंत. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरतात आणि 2 वाजता, साधारण निम्म्या वाटेवरच्या चिंगसला पोचतात. राणे मात्र मागून येणाऱ्या रसद-गाड्यांसाठी रात्री 9 पर्यंत रस्ताच साफ करतात. पोटात अन्न नाही.

11 एप्रिल. सकाळी 6 ला सुरुवात, 11 ला चिंगसपर्यंत रस्ता खुला. तरी रात्री 10 पर्यंत काम चालूच.

कर्जतहून पुण्याला जाताना खडकी लागतं. बॉम्बे सॅपर्सचं घर तेच. त्याच पुण्यात दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेनं पुढे पूल टाकणारे रणगाडे घडवले. राणे यांना परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत. 

12 एप्रिल. सैन्य राजौरीत शिरलं. फौज जवळ येताच हल्लेखोरांनी पळण्याआधी शहरात कत्तल केली होती. जवानांना खड्ड्यांत प्रेतं सापडली.