वैखरी अडते तेव्हा

मंडळी, ग्रीकांचा ‘लोगॉस’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. त्याचा अर्थ वाणी, आणि विवेकसुद्धा. तत्त्वज्ञांना हे सोयीचं झालं. ज्याची जीभ वळत नाही त्याला मात्र ते महागात पडलं. वाणी गेली म्हणजे बुद्धीही गेली, असं धरून लोक चालतात. अर्धांगवायूनंतर अस्पष्ट बोलणाऱ्या आजोबांशी आपण लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागतो, नाही का? विचार, भाषा आणि उच्चार या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला कसं उमगत गेलं, ते आज पाहू.

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा रुग्ण २१ वर्षं होता. काहीही विचारा, उत्तर एकच : ‘तां, तां’. समजायचं मात्र पुष्कळ. एप्रिल १८६१मध्ये तो वारला. पॉल ब्रोका यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. ब्रोकांनी या स्थितीला ‘ॲफेमी’ म्हटलं. त्रूसो यांनी १८६४मध्ये ‘ॲफेझिया’ हे नाव पुढे आणलं आणि तेच रूढ झालं. १९०६मध्ये प्येर मारी ब्रोकांच्या मतावर तुटून पडले. त्यांचा सूर आम्हांला अंमळ आक्रस्ताळा वाटतो. पण प्रश्न नेमका होता. रुग्णाची भाषा गेली, की नुसता उच्चार?

उच्चाराच्या बाजूची नीट मांडणी व्हायला १९६९ उजाडलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डार्ली, ॲरन्सन आणि ब्राउन या तिघांनी २१२ रुग्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि ३८ लक्षणांच्या कसोटीवर ऐकलं. मुख्य साधन काय, तर कान! हे दोष म्हणजे ‘डिसआर्थ्रिया’. स्नायूंकडे जाणारी नस दुखावली, की स्नायू लुळे पडतात. टाळूचा मागचा पडदा उचलला जात नाही, हवा नाकातून निसटते आणि ‘बाबा’चा ‘मामा’ होऊ लागतो. (स्थान आणि प्रयत्न या आपल्या शिक्षाकारांच्या संज्ञा इथे चपखल बसतात, बरं का.) मेंदूकडून खाली येणारे मार्ग दोन्ही बाजूंनी बिघडले, तर आवाज ताणलेला, घुसमटलेला येतो. लहान मेंदू बिघडला, की लय मोडते; माणूस प्यायलाय असं वाटतं, आणि हा गैरसमज फार क्रूर आहे. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक आणि एकसुरी होतो, मधेच शब्दांची घाई होते. कोरियासारख्या आजारात अनैच्छिक हालचाली मधे येतात. मोटर न्यूरॉनच्या आजारात लुळेपणा आणि ताण एकत्र असतात. या सर्वांत बिघाड हालचालीतला. शब्द आणि व्याकरण जागच्या जागी राहू शकतात. आपल्या परिभाषेत, मध्यमा शाबूत, वैखरी अडलेली.

एक प्रकार मात्र यात बसत नाही. हात लुळा नसूनही ठरवलेली कृती करता येत नाही, अशी स्थिती लीपमान यांनी १९००मध्ये वर्णिली होती : ‘ॲप्रॅक्सिया’. डार्लींनी ती कल्पना वाणीला लावली. इथे स्नायू ठीक असतात, हालचालींची आखणी चुकते. डिसआर्थ्रियात चूक बहुधा तीच ती होते. इथे एकच शब्द तीनदा म्हणायला सांगितला, तर तीन तऱ्हांनी चुकू शकतो. असा माणूस एक ते दहा आकडे सहज म्हणून जाईल. मग त्यातला नुसता ‘पाच’ म्हणायला सांगा : तो ओठ जुळवतो, सोडतो, पुन्हा जुळवतो. आकडा त्याला ठाऊक असतो.