'आगीनंतर' म्हणजे कितव्या वर्षी?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी 'आगीनंतर जंगल पुन्हा उभं राहिलं का?' असं बिनधास्त लिहून टाकलं होतं. गाइडनी समासात एवढंच विचारलं, 'नंतर म्हणजे कितव्या वर्षी?' आधी रागच आला. मग यलोस्टोनच्या व्हाइटबार्क पाइनबद्दल वाचलं आणि प्रश्न पटला.

1935 पासून अमेरिकेच्या वनखात्याचा नियम होता: आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने 1972 मध्ये धोरण बदललं आणि विजेमुळे लागलेल्या काही आगी जळू द्यायला सुरुवात केली. 1988 च्या कोरड्या उन्हाळ्यात उद्यानाचा सुमारे 36 टक्के भाग आगीत सापडला. 11 सप्टेंबरला बर्फ-पाऊस झाला तेव्हा कुठे ती ओसरायला लागली. साहजिकच धोरणावर टीकेची झोड उठली.

खालच्या उतारांवर लॉजपोल पाइनने मात्र लवकरच उत्तर दिलं. त्याचे बरेचसे शंकू राळेने बंद असतात, ते उष्णतेनं उघडतात आणि बी राखेवर पडतं. 'यलोस्टोन पुन्हा हिरवं झालं' ही गोष्ट मुख्यतः त्याची.

वर, झाडांच्या शेवटच्या रेषेजवळ वाढणाऱ्या व्हाइटबार्कचं तसं नाही. त्याचे शंकू आपोआप उघडत नाहीत, बियांना पंख नसतात. क्लार्कचा नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी चोचीने शंकू फोडतो आणि हिवाळ्याची बेगमी म्हणून बिया दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरतो, कधीकधी कित्येक किलोमीटर लांब नेऊन. जळालेली मोकळी जमीन त्याला चालते. ज्या बिया तो परत काढत नाही, त्यांतली काही उगवतात. म्हणजे इथे 'पुनरुज्जीवन' मोजायचं तर एका पक्ष्याने न खाल्लेला साठा मोजायचा!

डायना टॉमबॅक आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये नेमकं हेच हातात घेतलं. उद्यानातला माउंट वॉशबर्न आणि उद्यानाबाहेर ईशान्येकडचा हेंडरसन माउंटन इथे 275 कायमचे प्लॉट आखले आणि 1995 पर्यंत मोजणी केली. 1989 ला शंकूंचं भरघोस पीक आलं होतं. आपण काय धरून चाललो असतो? 1990 च्या उन्हाळ्यात रोपंच रोपं. पण नव्या रोपांचा आकडा साधारणपणे दोन वर्षांपूर्वीच्या पिकाशी जुळत होता. पुरलेल्या बियांतल्या कित्येक जमिनीत एक जादा वर्ष पडून राहत होत्या. 1990 लाच फील्डवर्क आटोपून कोणी 'व्हाइटबार्क परतलेला नाही' असं लिहिलं असतं, तर डेटा खरा आणि निष्कर्ष चुकीचा. (आपली फेलोशिप किती वर्षांची असते, ते आठवून बघा.)

ओलसर जागी रोपं जास्त, कोरड्या जागी कमी, हेही दिसलं. पण रोप म्हणजे जंगल नव्हे. व्हाइटबार्क पहिले शंकू साधारण पंचविशी-तिशीत धरतो, भरपूर पीक साठ-ऐंशी वर्षांनंतर. तोवर बी यायचं ते आगीतून वाचलेल्या म्हाताऱ्या झाडांवरूनच. आणि ब्लिस्टर रस्ट ही बुरशी 1910 च्या सुमारास युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर पोचली होती. 2000 नंतर खोडात शिरणाऱ्या पाइन भुंग्यांच्या साथीत यलोस्टोन परिसरातली मोठी झाडंच सगळ्यात जास्त गेली. शंकू कमी झाले की नटक्रॅकर दुसरीकडे वळतो. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी सरकारने या झाडाला 'धोक्यातली' प्रजाती म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता 'आगीनंतर' हा शब्द एकटा कुठेच येत नाही, पुढे वर्ष असतं. 1991 ला वॉशबर्नवर उगवलेली आणि टिकलेली रोपं आत्ता कुठे पहिले शंकू धरायच्या वयाला आली आहेत.